एक डोळा मिटून

पनवेलला राहायला आले त्या पहिल्या वर्षात लोकांनी मला बऱ्याच नोकऱ्या लावून दिल्या. एस.टी. स्टँडसमोरच्या चहावाल्याच्या मते मी नगरपालिकेची होते आणि कोणाची हातगाडी रस्त्यात किती पुढे आली आहे ते टिपून घेत होते. स्टँडवरच्या कंट्रोलरला मी हेड ऑफिसातून पाठवलेली वाटायचे. मी बाकावर बसले की तो खुर्चीत ताठ व्हायचा आणि गावांची नावं जरा जास्तच स्पष्ट पुकारायचा. एका पानवाल्याने तर मला सरळच विचारलं, की तुम्ही पोलिसांसाठी चेहरे काढता का. मी नाही म्हटल्यावर त्याचा संशय पक्का झाला, कारण त्याच्या मते पोलिसांची माणसं नाहीच म्हणतात.

खरं कारण इतकं साधं होतं की ते कोणाला पटलं नसतं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नवरा तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात होता आणि रात्रपाळी असली की सकाळी येऊन दुपार उलटेपर्यंत झोपायचा. आमच्या दोनच खोल्या. कुकरची शिट्टी झाली तरी तो दचकून उठायचा आणि मग दिवसभर माझ्यावर डाफरायचा. मी मुंबईला चित्रकला शिकलेली, शाळेतली नोकरी आज मिळेल उद्या मिळेल म्हणून वाट बघणारी. त्याचं खाणंपिणं उरकलं की मी दार हळूच ओढून घ्यायचे आणि बाहेर पडायचे. काखेत लाकडी फळी, तिला क्लिपने अडकवलेले कागद आणि केसांत खोचलेली पेन्सिल. वरच्या मजल्यावरच्या बाई गॅलरीतून मान वाकवून मी कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहायच्या. नवरा घरात झोपलेला असताना ही बया रोज जाते कुठे, हा त्यांचा प्रश्न मला पाठीवर जाणवायचा.

मीही काही कमी संशयी नव्हते. चित्र काढायचं तर तो स्वभाव लागतोच. हसणारा माणूस खरंच हसतोय की नुसते दात दाखवतोय, डुलक्या घेणारा हमाल खरंच झोपलाय की आपल्याला चुकवतोय, हे ओळखल्याशिवाय रेघ ओढता येत नाही. पण मी लोकांकडे टक लावून बघायचे ते चालायचं, आणि लोकांनी माझ्याकडे टक लावून बघितलं की माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. तेव्हा माझं डोकं लवकर तापत असे. अजूनही तापतं.

सगळ्यात गोडी होती ती बाजाराची. पळस्प्याच्या बाजूच्या गावांतून बायका पाट्या घेऊन यायच्या आणि बाजाराच्या तोंडाशी जमिनीवर ओळीने बसायच्या. थंडीचे दिवस होते. वालाच्या शेंगांचे ढीग, मडक्यात शेंगा भाजून पोपटी करायची तर लागणारा भांबुर्डीचा पाला, कोणाकडे सुकट. त्या ओळीच्या टोकाला एक बाई बसायची. पन्नाशीची असेल. आखूड नेसलेलं लुगडं, कपाळावर हिरवं गोंदण, आणि गालांची हाडं अशी की बघताच माझे हात शिवशिवले. मी तिला मावशी म्हणायला लागले आणि ती मला बाय म्हणायला लागली. पण म्हणून तिने मला जवळ केलं असं नाही. माझ्याकडून शेंगांचे पैसे घेतानाही ती नोट उलटीपालटी करून बघायची.

चित्र काढू का, म्हणून विचारलं तेव्हा तिने बराच वेळ विचार केला आणि फक्त हातांची परवानगी दिली. तोंड नको, म्हणाली. मग मी तिचे हात काढले. शेंगा निवडणारे, पाटीवर पाणी शिंपडणारे, समोरच्या गिऱ्हाइकाला झटकून टाकणारे हात. काही दिवसांनी पाय काढू दिले. मग पाठ. बाजारात भाजीचे वाटे लावतात तशी ती मला वाट्यावाट्याने मिळत होती, आणि प्रत्येक कागद ती स्वतः हातात घेऊन, उन्हात धरून तपासत होती. पाठीच्या चित्रावर तर तिने शेजारणीचं मत घेतलं. शेजारीण तिच्याच गावची होती आणि ती माझ्याशी एक अक्षर बोलत नसे.

शेवटी एके दिवशी मावशी म्हणाली, काड तोंड. मला इतका आनंद झाला की मी पाटीसमोर बसकणच मारली. आता चेहरा काढायचा तर आधी मापं घ्यायला हवीत. आम्हाला शिकवलेली पद्धत अशी, की हात सरळ ताणायचा, पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा आणि अंगठा सरकवत पेन्सिलीवर माप धरायचं. कपाळापासून नाकापर्यंत किती, नाकापासून हनुवटीपर्यंत किती. हे नुसतं प्रमाण असतं, इंच नाही की फूट नाही. मी हात ताणला, डोळा मिटला.

मावशीने पदर तोंडावर ओढला. मग उठली, पाटीवर गोणपाट टाकलं आणि मला म्हणाली, उठ इथून. मी काय झालं म्हणून विचारत होते आणि ती गोणपाटाच्या कडा पाटीखाली खोचत होती. शेजारणीने सगळ्या ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात, मी बोललेच होते, असं काहीतरी म्हटलं. एकेक करत ओळीतल्या सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाठ केली. भर बाजारात मी फळी घेऊन उभी, आणि समोर नुसत्या पाठी.

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. तो नुकताच उठून चहा पीत होता. म्हणाला, तू डोळा मारलास असं वाटलं असेल तिला. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. माझ्या मनात होतं, की हे दृष्ट लागण्याचं प्रकरण असणार. तोंडाचं चित्र काढलं की आयुष्य कमी होतं असं काही गावात मानत असतील. मी शिकलेली बाई, त्यामुळे गावच्या माणसाला भीती वाटली की ती अंधश्रद्धाच असणार, हे मी धरूनच चालले होते.

तिसऱ्या दिवशी फळी घरी ठेवून बाजारात गेले. मावशी जागेवर होती, पण ओळीत नव्हती. तिची पाटी बाकीच्यांपासून चांगली लांब, गटाराच्या कडेला होती आणि शेजारीण तिच्याकडे ढुंकून बघत नव्हती. मी जाऊन उकिडवी बसले आणि म्हटलं, मावशी, मी काय वाईट केलं ते सांगितल्याशिवाय मी हलणार नाही. ती शेंगा निवडत राहिली. मग मान वर न करता बोलली.

"जो जो आमच्याकडं एक डोला मिटून बगतो ना बाय, तो काय ना काय घेऊनच जातो."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. काही वर्षांपूर्वी तिच्या शेतात माणसं आली होती. तीन पायांचं टेबल, टेबलावर फळी, फळीवर कागद. एकजण डोळा मिटून एका पट्टीवरून बघायचा आणि पेन्सिलीने रेघ ओढायचा. दिवसभर तो तसं बघत होता आणि घरच्यांनी त्याला चहा करून दिला होता. ती माणसं गेली आणि नव्या शहरासाठी शेत गेलं. तेव्हापासून त्या पट्ट्यात फळीवर कागद लावून, डोळा मिटून बघणारा माणूस म्हणजे मोजणीवाला, हे लहान पोरालाही ठाऊक होतं. मला मात्र ठाऊक नव्हतं. मी रोज ती फळी तिच्या नाकासमोर नाचवत होते आणि ती बिचारी हात, पाय, पाठ देऊन मला अजमावत होती.

आता पुन्हा मोजणी यायची होती. गावठाणाची, म्हणजे गावच्या वस्तीची हद्द पक्की करायला. हद्दीच्या आतलं घर ते घर, आणि बाहेरचं ते कधीही पाडता येण्याजोगं. मावशीचं घर गावाच्या अगदी कडेला. मुलाचं लग्न झालं तेव्हा नवरा-बायकोला खोली हवी म्हणून तिने घराला लागून एक पडवी बांधून घेतली होती, विटांची, अजून गिलावा न केलेली. ती पडवी आत धरतात की बाहेर, यावर तिची झोप उडाली होती. आणि माझी पेन्सिल बघितल्यापासून गावात आणखी एक बोलणं उठलं होतं. हिने बाजारात मोजणीवालीशी संधान बांधलं, सगळ्यांच्या आधी आपलं घर आत घालून घेतलं. तिच्याशी गावाने बोलणं टाकलं होतं. पंपावर ती हंडा लावायला गेली की बाकीच्या बायका आपापले हंडे उचलून बाजूला होत होत्या.

हे ऐकून मला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही कोणावर काढावं ते कळेना. मी तिच्या हातात पेन्सिल दिली. म्हटलं, मावशी, हात ताण, डोळा मिट, तो समोरचा फुगेवाला बघ. तिने आजूबाजूला चोरून पाहिलं आणि तसं केलं. अंगठा सरकवला. फुगेवाला तिच्या पेन्सिलीवर बोटभर झाला. तिला हसू फुटलं. पण पेन्सिल परत देताना ती बोलली ते असं, की मला दाखवून काय उपयोग, गावात येऊन सांग.

गेले. नवरा नको म्हणत होता. लोक चिडलेले आहेत, त्यात तू तोंडाने फटकळ, नसती आफत ओढवून घेशील, असं त्याचं म्हणणं. मी फळी घेतली आणि गोव्याच्या रस्त्याने जाणारी एस.टी. पकडली.

देवळासमोर माणसं जमली होती. बायका ओट्याच्या कडेला. मधे एक म्हातारा बसला होता, सगळे त्याला काका म्हणत. मी पेन्सिलीचं प्रकरण समजावलं. प्रमाण, माप, इंच नाही, फूट नाही. जितकं समजावत होते तितके चेहरे जास्त दगडी होत गेले. बोलता बोलता मलाच जाणवलं, की खरा मोजणीवाला पकडला गेला असता तर तोही हेच बोलला असता. काकांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"मंग काडा की आमच्यासमोर. पन हात लांब करायचा नाय नि डोला मिटायचा नाय."

मावशीला समोर बसवलं. पदर तोंडावरून खाली, पण नजर जमिनीवर. मी काढायला लागले. सगळा गाव माझ्या खांद्यावरून कागदात बघत होता, कोणाचा तरी श्वास माझ्या कानावर येत होता. माप घ्यायचं नाही म्हणताच मला काहीच सुचेना. कपाळ वाढत गेलं. हनुवटी कुठे संपवावी ते कळेना. एक कान तर पार मानेवर उतरला. कागद मावशीकडे दिला तेव्हा मला तोंड लपवावंसं वाटत होतं.

तिने तो नेहमीसारखा उजेडात धरून तपासला आणि म्हणाली, "ही मी नाय. ही माजी सासू हाय."

बायकांत हशा पिकला. बाजारातली ती शेजारीणसुद्धा पदर तोंडात धरून हसली. म्हाताऱ्या बायका पुढे येऊन चित्र बघायला लागल्या आणि सासूच आहे, अगदी सासूच, असं एकमेकींना सांगायला लागल्या. पंपावरचं बोलणं त्या दिवशी परत सुरू झालं असावं. काका मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, चित्र वाईट काढलं म्हणून मोजता येत नाही असं होत नाही. मला त्यांचा भयंकर राग आला, कारण ते बरोबर बोलत होते.

त्यानंतर मी काही दिवस बाजाराकडे फिरकले नाही. माझा चित्रावरचा विश्वासच उडाला होता. एका सकाळी दार वाजलं. नवरा रात्रपाळी करून आडवा झाला होता. दारात मावशी, पाटीशिवाय, आणि तिच्या मागे जिन्यावरून वाकून बघणाऱ्या वरच्या मजल्यावरच्या बाई. मावशी आत आली नाही. दारातूनच म्हणाली, मोजणीवाले आलेत, तुझी फळी घे आणि चल.

मी म्हटलं, मावशी, मला मोजता येत नाही, सगळ्या गावाला पटवून आले ना मी.

"आमाला ठाव हाय," ती म्हणाली. "त्यांना कुटं ठाव हाय?"

ती काय म्हणते ते कळायला मला एक क्षण लागला. मग मी चपला घातल्या. वरच्या बाईंना सांगितलं, मी मोजणीला जाते आहे. त्यांनी ती बातमी बिल्डिंगभर केली असणार.

गावाच्या कडेला तीन पायांचं टेबल उभं होतं. त्यावरची फळी बघून मला धक्का बसला. क्लिपसुद्धा तशीच. मोजणीवाले साहेब तरुण होते, घामाघूम झालेले, आणि त्यांचा मदतनीस चुन्याच्या फक्कीने जमिनीवर रेघ ओढत येत होता. रेघ मावशीच्या जुन्या भिंतीच्या रोखाने सरळ येत होती. तशीच येती तर पडवी बाहेर. माणसं त्या रेघेकडे बघत उभी होती. काकाही होते.

मावशीने मला शेवग्याच्या झाडाखाली उभं केलं आणि आपण बाजूला झाली. मी हात ताणला, पेन्सिल उभी धरली आणि डोळा मिटला. पडवी मोजली. जुनी भिंत मोजली. मदतनिसाला मोजलं. मग साहेबांना मोजलं, आणि दर वेळी कागदावर एक रेघ ओढली. एकही रेघ सरळ आली नाही. पण लांबून ते कोणाला दिसणार. साहेबांनी दोनदा माझ्याकडे बघितलं. मदतनिसाशी कुजबुजले. मग आले माझ्याकडे.

मॅडम, आपण कुठून आलात, असं त्यांनी अगदी अदबीने विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मावशी मधे आली.

"ती आमची मोजनीवाली हाय. तुमी तुमचं मोजा, ती आमचं मोजते."

साहेब माझ्या फळीकडे बघत होते. मी ती छातीशी धरली. त्यांच्या तोंडावर तेव्हा जे आलं ते मी ओळखलं, कारण वर्षभर मी ते रोज लोकांच्या तोंडावर बघत होते. ही कोण, कोणी पाठवली, काय लिहून घेते आहे. कोर्टाची असेल, वर्तमानपत्राची असेल, वरच्या साहेबांची असेल. मला त्यांची दयाही आली. ते मागे गेले, टेबल पुन्हा समतल केलं, फीत मागवली आणि त्या कोपऱ्याचं माप नव्याने घेतलं. फीत या वेळी पडवीच्या बाहेरच्या भिंतीपर्यंत ताणली. मदतनिसाने आधीची रेघ पायाने पुसली आणि नवी रेघ पडवीला वळसा घालून नेली. माझ्यामुळे नेली की ती तशीच जायची होती, ते मला आजतागायत माहीत नाही.

साहेब पुढच्या घराकडे वळले. काका माझ्याजवळ आले. मला वाटलं आता हे आभार मानतील. ते म्हणाले, म्हणजे तुम्ही मोजणीवालीच होता. आणि आपल्या घराकडे बोट केलं. त्या दिवशी ऊन उतरेपर्यंत मी साहेबांच्या मागे मागे घराघरासमोर उभी राहून पेन्सिल धरत होते, आणि गावातली माणसं माझ्यावर विश्वास न ठेवताच मला चहा देत होती.

बाजारात गेले तेव्हा मावशीची पाटी ओळीत, आपल्या जागेवर होती. तिने मला बसायला गोणपाट टाकलं. मग पदर खांद्यावर नीट घेतला, मान वर केली आणि पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघितलं.

"मोज," म्हणाली.

मी हात ताणला आणि डोळा मिटला. कपाळ, गोंदण, नाक, ती गालांची हाडं. माझ्या अंगठ्याखाली सगळं शांतपणे मापात येत होतं. पेन्सिल खाली घेतली तेव्हा दिसलं, की मावशीनेही एक डोळा मिटला आहे आणि हातातली वालाची शेंग उभी धरून, अंगठा सरकवत ती माझ्याकडे बघते आहे. चित्र होईपर्यंत तिने तो डोळा उघडला नाही. मग मीही ती दिसली तशीच काढली.

ते चित्र आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. येणारा प्रत्येकजण एकदा तरी विचारतो, की या बाईंना एका डोळ्याने दिसत नव्हतं का. मी सांगते, चांगलं दिसत होतं. ती मला मोजत होती.